सल्फा-कुळाचीं औषधें व त्वचेचा दाह

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा हा तालुका आहे. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे गोंदिया व आमगांव मागें टाकून येथें येते, आणि पुढें दरेकशाच्या डोंगरांतून बोगद्यानें पार होऊन छत्तीसगडांत उतरते. भाताच्या बांध्या, मोहाचीं झाडें, तेंदूपानांचा हंगाम आणि माघी पौर्णिमेस कचारगडच्या गुहांकडे लोटणारे गोंड यात्रेकरू ही या भागाची ओळख. परंतु आरोग्यखात्याच्या दफ्तरांत या मुलखाची आणखी एक ओळख नोंदलेली आहे, व ती तितकी सुखाची नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जंगलपट्टींत हिंवताप, कुष्ठरोग आणि क्षय या तीन रोगांनीं पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडलेलें आहे.

या तीन रोगांवर विसाव्या शतकांत जीं औषधें आलीं, त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. तिन्ही रोगांवरचीं कांहीं स्वस्त व गुणकारी औषधें रसायनशास्त्राच्या एकाच गोतावळ्यांतून निघालीं. आणि त्या गोतावळ्यांत गुणाबरोबर एक दोषही उतरत आला. तो दोष असा कीं, हजारों रुग्णांना तारणारें हें औषध त्यांतल्याच एखाद्याच्या त्वचेचा असा दाह करतें कीं, तो माणूस जणूं उकळत्या पाण्यानें पोळला आहे असें वाटावें. लाखों लोकांचें कल्याण करणाऱ्या वस्तूनें एका निरपराध माणसाचा घात करावा, हें कोडें वैद्यकाला नव्वद वर्षें छळीत आलें आहे. त्याचा थोडाबहुत उलगडा आतां कोठें होऊं लागला आहे.

या कथेचा आरंभ जर्मनींतील रंगांच्या कारखान्यांत होतो. एखादा रंग लोकरीच्या धाग्याला घट्ट धरतो, पण सुताला धरीत नाहीं. मग शरीराच्या पेशींना सोडून केवळ रोगजंतूंना धरील असा रंग कां सांपडूं नये, असा तर्क तेथील संशोधकांनीं चालविला होता. एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेंत गेरहार्ड डोमाक हे १९३२ सालीं असेच रंग उंदरांवर तपाशीत होते. त्यांपैकीं प्रॉन्टोसिल नांवाच्या एका तांबड्या रंगानें जंतूंची प्राणघातक बाधा झालेले उंदीर जगले. हा शोध १९३५ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. डोमाकांच्या स्वतःच्या लहान मुलीस हाताला सुई लागून रक्तदोष झाला, तेव्हां हेंच औषध तिला देण्यांत आलें व ती वांचली. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, गुण रंगाचा नव्हेच. शरीरांत गेल्यावर त्या रंगाचे दोन तुकडे होतात, आणि त्यांतला रंगहीन तुकडा हें खरें औषध. तो तुकडा म्हणजे सल्फानिलामाइड. हें द्रव्य १९०८ सालींच तयार झालेलें होतें व त्यावर कोणाची मक्तेदारी उरली नव्हती. त्यामुळें तें पाहतां पाहतां जगभर पसरलें.

पेनिसिलीन अद्याप बाजारांत यावयाचें होतें. बाळंतरोग, फुप्फुसदाह, मेंदूज्वर या रोगांत वैद्य केवळ नाडी धरून बसत असत. त्यांच्या हातीं प्रथमच खरें शस्त्र आलें. मुंबईच्या हाफकिन संस्थेंत साहिबसिंग सोखे व त्यांचे सहकारी यांनीं १९४० च्या सुमारास याच कुळांतील औषधांचे प्लेगवर प्रयोग केले, आणि ज्या रोगाच्या नांवानें गांवेंच्या गांवें ओस पडत, त्या रोगाचे रोगी बरे होऊं लागले. डोमाकांना १९३९ चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. परंतु नाझी सरकारनें तें त्यांना नाकारावयास लावलें. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं त्यांना पदक मिळालें, रक्कम मात्र मिळाली नाहीं.

गुणांचा हा गाजावाजा चालूं असतांनाच दोषांच्याही वार्ता येऊं लागल्या. त्या नीट समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. अंगावर नाना आकारांचे तांबडे चट्टे उठविणाऱ्या एका त्वचारोगाचें वर्णन व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनीं १८६६ सालीं करून ठेविलें होतें. १९२२ सालीं न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स व जॉन्सन या दोन डॉक्टरांनीं सात व आठ वर्षांच्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना सणकून ताप होता, अंगभर पुरळ होतें, तोंड आंतून सोललें होतें व डोळे पुवानें भरले होते. हा कांहीं तरी नवा सांथीचा रोग असावा असें त्यांस वाटलें. औषधाचा संशय त्यांनीं घेतला नव्हता. तरीही त्या रोगास त्यांचेंच नांव राहिलें. पुढें १९५६ सालीं स्कॉटलंडमध्यें अ‍ॅबर्डीनच्या अ‍ॅलन लायल यांनीं चार रोग्यांचें वर्णन केलें. त्यांची कातडी भाजलेल्या माणसाप्रमाणें पापुद्रे सुटून निघत होती. बोटानें नुसतें दाबून सरकवितांच वरचा थर निसटून हातांत यावा, अशी स्थिति.

हे दोन निरनिराळे रोग नसून एकाच रोगाच्या दोन पायऱ्या आहेत, हें पुढें कळून आलें. १९९३ सालीं तज्ज्ञांनीं त्यांची सीमा ठरवून दिली. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी भागावरील त्वचा सुटली तर तो स्टीव्हन्स-जॉन्सनचा विकार, आणि तीस टक्क्यांहून अधिक सुटली तर तो लायलचा विकार. मधली स्थिति ती दोहोंची सरमिसळ. हे विकार अत्यंत विरळ आहेत. दहा लाख माणसांत वर्षाकांठीं मोजकेच. पण लायलच्या विकारांत शंभरांपैकीं सुमारें तीस रोगी दगावतात. प्रौढांत बहुतेक वेळां याचें मूळ औषधांत सांपडतें, आणि दोषी औषधांच्या यादींत सल्फा-कुळ कित्येक वर्षें अग्रभागीं राहिलें आहे.

आतां जंगलपट्टीकडे वळावें. कुष्ठरोगास लोक महारोग म्हणत, व त्या नांवांतच त्याची दहशत सांठविलेली होती. उपाय एकच होता : कडू कवठाच्या जातींतल्या बियांचें तेल टोंचीत राहणें. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठसेवेचें कार्य आरंभिलें, तेव्हां हीच स्थिति होती. १९३९ सालीं परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित पंडितांस महात्मा गांधींनीं सेवाग्रामांत ठेवून घेतलें व आपल्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. त्या शुश्रूषेंत प्रेम होतें. परंतु रोगाचें मूळ उपटणारें औषध तेव्हां कोणाजवळच नव्हतें.

तें औषध सल्फाच्या चुलत घराण्यांतून आलें. सल्फोन जातीचें डॅप्सोन हें द्रव्य १९०८ सालींच जर्मनींत बनविलें गेलें होतें व शीशींत पडून होतें. अमेरिकेंत कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत फॅजेट यांनीं १९४१ सालीं त्याच्या एका संयुगाचा प्रयोग केला व रोग हटूं लागला. मद्रास प्रांतांत कॉक्रेन यांनीं १९४६ च्या सुमारास प्रत्यक्ष डॅप्सोनच वापरण्यास आरंभ केला. गोळीस पैसेही थोडे लागत व ती घरीं घेतां येई. आनंदवनासारख्या संस्था जेव्हां उभ्या राहिल्या, तेव्हां रोगी बरा होऊं शकतो या विश्वासाला अशा रीतीनें औषधाचा आधार मिळालेला होता.

मात्र १९४९ सालीं नायजेरियाहून लो व स्मिथ यांनीं एक इशारा दिला. यांपैकीं जॉन लो यांनीं पूर्वी निजामाच्या राज्यांतील डिचपल्ली येथें व नंतर कलकत्त्यास कुष्ठरोगाचेंच काम केलें होतें. त्यांना असें दिसलें कीं, डॅप्सोन सुरू झाल्यावर कांहीं आठवड्यांनीं क्वचित् एखाद्या रोग्यास ताप येतो, गांठी सुजतात, अंगाची कातडी सोलून निघते. पुढें यांत काविळीचीही भर पडली, व १९५१ पासून ‘डॅप्सोनचा विकार’ हें नांव रूढ झालें. यांत घातक गोष्ट ही कीं, औषध घेतल्यावर पहिले चार-सहा आठवडे सारें सुरळीत चालतें. रोग्याचा विश्वास बसतो, आणि नेमका तेव्हां घाला पडतो. वेळींच औषध न थांबविल्यास असे दहांतील एक रोगी प्राणास मुकतात. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तीन औषधांचा संयुक्त उपचार सुचविला. भारतांत तो प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा जिल्हा होता. त्या तिहींतही डॅप्सोन कायम राहिलें, कारण त्याच्यापासून होणारें हित अहिताच्या कैकपट मोठें होतें.

हिंवतापाची कथा याहून बोधप्रद आहे. सिंकोनाच्या सालीपासून निघालेला क्विनाइन आणि नंतरचा क्लोरोक्विन यांनीं दीर्घकाळ काम भागविलें. पण १९७३ सालीं आसामांत असा हिंवताप आढळला कीं, त्याला क्लोरोक्विनची भीति उरली नव्हती. तेव्हां सल्फाडॉक्सिन हें सल्फा-कुळांतील औषध पायरिमेथामिनच्या जोडीनें पुढें आलें. परदेशांत हीच जोडी फॅन्सिडार या नांवानें विकली जात असे. भारताच्या औषधधोरणांत तिला १९८२ सालीं जागा मिळाली. २०१० सालच्या राष्ट्रीय धोरणानें घातक जातीच्या हिंवतापावर तीन दिवस आर्टेसुनेट व त्यासह पहिल्या दिवशीं ही जोडी असा उपचार ठरविला, आणि तो जंगलांतल्या आरोग्यसेविकेच्या पेटींत जाऊन पोंचला.

याच जोडीनें अमेरिकेंत हाहाकार उडविला होता. आफ्रिकेच्या प्रवासास निघालेले निरोगी लोक हिंवताप होऊं नये म्हणून ती दर आठवड्यास घेत असत. १९८२ ते १९८५ या काळांत त्यांच्यांत स्टीव्हन्स-जॉन्सन व लायल यांचे विकार दिसूं लागले. हिशेब करतां, अकरा ते पंचवीस हजार प्रवाशांत एकाचा मृत्यु, असें प्रमाण निघालें. आकडा लहान भासतो. परंतु जो आजारीच नाहीं, त्याच्यासाठीं तो फार मोठा आहे. त्यानंतर प्रतिबंधक म्हणून दर आठवड्यास हें औषध घेण्याची प्रथा प्रवाशांत बंद पडली. उलट, ज्याच्या मेंदूकडे हिंवताप चढूं पाहत आहे अशा सालेकशाच्या बालकास एकदांच द्यावयाची मात्रा ही वेगळी बाब ठरते. तेथें औषध न देण्यांतला धोका देण्यांतल्या धोक्याहून किती तरी अधिक असतो, आणि एका मात्रेनें विकार होण्याचें प्रमाणही पुष्कळच कमी असतें. एकच गोळी एका ठिकाणीं अविचार ठरली व दुसऱ्या ठिकाणीं उपकार ठरली.

तरी या गोळीचा एक स्वभाव विसरतां येत नाहीं. सल्फाडॉक्सिन शरीरांतून अतिशय सावकाश बाहेर पडतें. निम्मी मात्रा जाण्यासही सुमारें आठवडा लागतो. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, लवकर उत्सर्जित होणारें औषध जितके दिवस आधीं थांबवावें, तितका मृत्यूचा संभव दर दिवसागणिक सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. पण दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या औषधाच्या बाबतींत हा लाभ मिळत नाहीं, कारण तें थांबविलें तरी रक्तांत राहतेंच. शिवाय विकार उद्भवतो तो बहुधा चार दिवसांपासून चार आठवड्यांच्या दरम्यान. तोंपर्यंत ताप उतरलेला असतो, गोळीचें वेष्टन चुलींत गेलेलें असतें, आणि गोळी देणारी सेविका दुसऱ्या पाड्यावर गेलेली असते. अंगावर फोड व ताप पाहून घरच्यांस कांजिण्यांची शंका येणें साहजिक आहे. दोन आठवड्यांपूर्वींच्या गोळीचा आणि आजच्या फोडांचा संबंध जोडणारें कोणी नसेल, तर रोग्यास तेंच औषध पुन्हां मिळण्याचा धोका राहतो.

तिसरा रोग क्षय. सल्फाथायाझोल या औषधांत क्षयाच्या जंतूंवर किंचित् परिणाम दिसला, त्या धाग्यावरून डोमाक व त्यांचे सहकारी यांनीं थायासेटाझोन शोधून काढलें व तें १९४६ सालीं जाहीर झालें. तें अतिशय स्वस्त होतें. १९६२ सालीं सुरू झालेल्या भारताच्या राष्ट्रीय क्षय-कार्यक्रमांत आयसोनायाझिडच्या जोडीनें तें गरिबांचें औषध बनलें. पुढें एड्स या नव्या रोगानें त्याचा दोष उघडा पाडला. १९९१ सालीं नैरोबीहून प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, ज्यांच्या अंगांत एड्सचे विषाणु होते अशा क्षयरोग्यांपैकीं सुमारें वीस टक्क्यांस त्वचेचा विकार झाला, इतरांत हें प्रमाण सुमारें एक टक्काच होतें. आणि कांहीं रोगी दगावले. त्यानंतर तें औषध अशा रोग्यांस देऊं नये असें ठरलें, व हळूहळू दुसऱ्या औषधांनीं त्याची जागा घेतली.

औषध एकच, मग दंड एकासच कां? याचें उत्तर बराच काळ ‘प्रकृतिभेद’ या एका शब्दावर भागविलें जात असे. २००४ सालीं तैवानच्या शास्त्रज्ञांनीं त्या शब्दास अर्थ दिला. अपस्मारावरील कार्बामाझेपिन या औषधानें ज्यांना स्टीव्हन्स-जॉन्सनचा विकार झाला होता, त्यांच्या पेशींवर एका विशिष्ट जातीची आनुवंशिक खूण त्यांना आढळली. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर आपलें-परकें ओळखण्याचीं चिन्हें असतात. विशिष्ट चिन्हाशीं औषधाचा कण जुळला म्हणजे शरीराच्या रक्षक पेशींस आपलीच त्वचा परकी भासते, आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. शत्रु समजून स्वतःच्याच गांवास आग लावणाऱ्या शिपायांची गत होते ती हीच. तैवानांत पुढें साडेचार हजारांहून अधिक लोकांची आधीं रक्तपरीक्षा करून, खूण असलेल्यांस हें औषध देण्याचें टाळलें. २०११ सालीं जाहीर झाल्याप्रमाणें, त्यांपैकीं एकासही हा विकार झाला नाहीं. २०१३ सालीं चिनी संशोधकांनीं डॅप्सोनच्या विकाराचीही अशीच खूण शोधून काढली. कुष्ठरोगाच्या उपचारापूर्वीं ती तपासण्याचा मार्ग त्यामुळें मोकळा झाला. विरळ संकट आतां कांहीं अंशीं भाकीत करण्याजोगें झालें आहे.

परंतु जीव वांचला म्हणजे संकट संपलें असें नव्हे. त्वचा हा केवळ वेष नव्हे, तो देहाचा कोट आहे. तो ढांसळला कीं अंगांतलें पाणी व ऊब बाहेर निघून जाते आणि जंतु आंत शिरतात. रोगी बहुधा याच जंतुदोषानें दगावतो. म्हणून त्याची निगा भाजलेल्या माणसाप्रमाणेंच करावी लागते. नवी कातडी बहुधा तीन आठवड्यांच्या आंत धरते, पण तिच्यावर काळेपांढरे डाग राहतात, नखें गळतात. सर्वांत क्रूर आघात डोळ्यांवर होतो. पापण्यांचा आंतला पडदा बुबुळास चिकटतो, अश्रूंचा ओलावा आटतो, पापणीचे केस आंत वळून बुबुळ खरचटतात, आणि कालांतरानें त्यावर सारा पडतो. ज्या बालकाचा प्राण औषधानें राखला त्याची दृष्टि औषधानें न्यावी, यासारखा दैवदुर्विलास नाहीं. त्यांतही पहिल्या कांहीं दिवसांत डोळ्यांच्या वैद्याकडून उपचार झाल्यास, गर्भावरणाचा पातळ पडदा डोळ्यावर बसवून, पुष्कळांची दृष्टि टिकवितां येते. एवढें सारें सालेकशासारख्या ठिकाणापासून दूर, मोठ्या शहरांतच मिळतें. म्हणून दिवस वांचविणें म्हणजे डोळे वांचविणें होय.

ते वांचविण्यासाठीं मोठ्या विद्येची गरज नाहीं. नवें औषध सुरू केल्यापासून महिन्या-दीडमहिन्याच्या आंत ताप, डोळ्यांची आग, तोंडांत फोड, स्पर्श सहन न होणारी दुखरी त्वचा व तिच्यावर जांभळट चट्टे अशीं लक्षणें दिसलीं, तर पुढची गोळी न घेतां तत्काळ डॉक्टरांस गांठावें व सर्व औषधांचीं वेष्टनें बरोबर न्यावीं. नुसती खाज व चार पुळ्या पाहून मात्र कुष्ठरोगाचें अथवा क्षयाचें औषध आपल्या मनानें सोडूं नये. त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोंपवावा, कारण अर्ध्यावर सोडलेला उपचार हाही एक विषप्रयोगच ठरतो. ज्यास एकदां असा विकार झाला, त्यानें दोषी औषधाचें नांव कागदावर लिहून जन्मभर जवळ बाळगावें, आणि प्रत्येक वैद्यास तें दाखवावें. भारत सरकारनें २०१० सालीं औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. डॉक्टरांप्रमाणें रुग्णही तेथें आपली तक्रार कळवूं शकतात. अशा एकेका नोंदीतूनच फॅन्सिडारचा व थायासेटाझोनचा दोष जगाला कळला.

सल्फा-कुळाचा निकाल या इतिहासानें सरसकट दिलेला नाहीं. त्या कुळाचे उपकार एवढे मोठे आहेत कीं, त्याला गुन्हेगार म्हणून बाहेर काढणें कृतघ्नपणाचें होईल. आणि त्याचा अपाय एवढा भयंकर आहे कीं, तो विसरणें हा अपराध होईल. प्रश्न एवढाच उरतो कीं, हजारोंच्या भल्यासाठीं जो एकटा भाजून निघतो, त्याची वास्तपुस्त समाज करतो कीं नाहीं. सालेकशाच्या पाड्यावर पोंचलेल्या गोळीबरोबर तिच्या धोक्याची समजूतही पोंचली, तरच ती गोळी पूर्णार्थानें औषध ठरेल.